विकत घेऊन जीव सोडवावा का?

(भूतदयेवरील निरूपण)

पूर्वरंग

आजच्या निरूपणाचा विषय एका चिठ्ठीने दिला आहे. गंगासागरची यात्रा करून आलेल्या एका माउलींनी ती पाठवली. त्या लिहितात, "बंगालमध्ये एका बाजारात बायका टोपल्यांतून जिवंत गोगलगायी विकायला बसल्या होत्या. तळ्यातल्या, सुपारीएवढ्या. काही टोपलीच्या काठावर चढत होत्या. मला वाटलं, सगळी टोपली विकत घ्यावी आणि गंगेत सोडून द्यावी. बरोबरची मंडळी हसली. एक जण म्हणाले, घ्या, पुण्य लागेल. दुसरे म्हणाले, पैसे पाण्यात. मी घेतल्या नाहीत, पण मनाला चैन नाही. महाराज, घ्यायला हव्या होत्या का?"

आधी हसणाऱ्यांशी दोन शब्द बोलतो. मंडळी, हसू नका. गाय पाहून दया सगळ्यांनाच येते. गाय आपल्याकडे बघते, हंबरते, तिला डोळे आहेत, वासरू आहे. गोगलगायीला हाक नाही, रडणे नाही, रक्तही आपल्यासारखे लाल दिसत नाही. "गोगलगाय नि पोटात पाय" एवढ्यापुरती ती आपल्या तोंडी. अशा जिवासाठी ज्याचे काळीज हलले, त्याच्या ठिकाणी भूतदया मुरलेली आहे. संतांनी सगळ्या भूतांच्या ठिकाणी देव पाहायला सांगितला, तेव्हा शिंगे असलेल्या आणि दूध देणाऱ्याच भूतांच्या ठिकाणी पाहा असे काही सांगितलेले नाही.

कोणी विचारील, तिला दुःख तरी होते का? बोटाने हलकेच स्पर्श करून पाहा. शिंगे आत जातात, अंग आत जाते, दार बंद. तिला काय वाटते ते तिच्या आत शिरून आपल्याला सांगता येणार नाही. पण नकोसे काय आणि हवेसे काय, एवढे तिला कळते. आणि बंगालच्या तळ्यातली ही गोगलगाय, जिला तिकडे गुगली म्हणतात, ती अंडी घालत नाही बरं का! तिची पिल्ले आईच्या पोटातच वाढतात आणि इवलासा शंख अंगावर घेऊनच बाहेर येतात. म्हणजे त्या टोपलीत कित्येक लेकुरवाळ्या होत्या. तेव्हा दया आली यात चुकले काहीच नाही. प्रश्न दयेचा नाहीच. दया आल्यावर हात पिशवीतल्या पैशाकडे जातो, तिथून पुढचा प्रश्न आहे.

आता त्या टोपलीकडे विक्रेतीच्या बाजूने पाहा. कोण असते ही बाई? पहाटे तळ्यात, भाताच्या खाचरात कमरेइतक्या पाण्यात उतरून हाताने चाचपत एकेक गुगली वेचणारी, बहुधा भूमिहीन घरातली. तिच्या गिऱ्हाईकांसाठी ते स्वस्तातले कालवण आहे. तिला खाटीक म्हणून शिव्या घालणे हे कीर्तनकाराचे काम नव्हे. आपल्या कोकणात खाडीच्या चिखलात उतरून कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील, तशीच ती.

समजा तुम्ही तिची टोपली सगळी घेतली. ती काय समजेल? ती असे समजणार नाही की आज एका भक्ताने माझ्या गोगलगायींना अभय दिले. तिच्यापुरते घडले ते एवढेच, की रोज दुपारपर्यंत बसावे लागते, आज माल सकाळीच संपला. मग ती उद्या काय करील? दोन टोपल्या आणील. जावेला सांगेल, तूही चल. आपल्या पंढरपुरात एकादशीला तुळशीच्या माळा जास्त का येतात? कारण एकादशीला माळा घेणारे जास्त येतात. माळ तुम्ही गळ्यात घालता की देवाला वाहता, हे माळीण विचारत नाही. तिला खप कळतो. तसेच इथे. खाण्यासाठी दिलेला रुपया आणि सोडवण्यासाठी दिलेला रुपया, दोन्ही रुपयांवर शिक्का एकच. बाजाराला हेतू वाचता येत नाही, त्याला फक्त मागणी वाचता येते.

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. चीन, तैवान, थायलंड, कंबोडिया या देशांत बौद्ध परंपरेत जीव विकत घेऊन सोडण्याचा जुना आचार आहे. त्यामागची भावना थोर आहे. पण कालांतराने काय झाले? सोडणाऱ्यांची गर्दी झाली, तसे पकडणारेही वाढले. मंदिरासमोर पिंजऱ्यात लहान पाखरे घेऊन लोक बसू लागले. दहा पैसे द्या, एक पाखरू सोडा, अशा थाटाचा व्यवहार. ही पाखरे खाण्यासाठी धरलेली नसतातच. तुम्ही सोडावीत एवढ्यासाठीच ती रानातून धरतात! जाळ्यात काही मरतात, पिंजऱ्यात काही मरतात, आणि थकलेले जे पाखरू तुमच्या ओंजळीतून उडते, ते कधी कधी संध्याकाळी पुन्हा त्याच पिंजऱ्यात असते. विठ्ठल, विठ्ठल! सुटका विकली जाऊ लागली की आधी कैद तयार करावी लागते. तिथले जाणते भिक्षू आज स्वतःच आपल्या भक्तांना हे सांगतात, की बाबांनो, अशी खरेदी थांबवा.

आता चिठ्ठीवाल्या माउली म्हणतील, "महाराज, हिशोब समजला. पण समोरच्या टोपलीतला जीव तर आत्ताच्या आत्ता मरायला निघाला होता. त्याला मी उद्याच्या बाजारभावाची गोष्ट सांगू?" बरोबर आहे. हा आक्षेप मला टाळायचा नाही. ज्याच्या दारात आग लागली आहे त्याला पुढच्या वर्षीची पाणी-योजना सांगू नये. आणि खरे सांगायचे तर एका यात्रेकरूने एकदा एक टोपली घेतल्याने बंगालचा बाजार बदलत नाही. म्हणून मी असे म्हणणार नाही की तुम्ही घेतल्या असत्या तर पाप झाले असते.

पण दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, वाटेत अचानक दृष्टीस पडलेला जीव आणि न राहवून केलेली सोडवणूक. दुसरी, ठरवून केलेली सोडवणूक: दर अमावस्येला, वाढदिवसाला, मंडळाने वर्गणी काढून, विक्रेत्याला आधी निरोप देऊन. पहिलीत बाजार शिकत नाही. दुसरीत तो लगेच शिकतो. कसोटी सोपी आहे. तुमच्यामुळे उद्या तो माणूस तुमची वाट पाहणार आहे का? वाट पाहणार असेल, तर तुम्ही त्याचे गिऱ्हाईक झालात.

आता दुसरा प्रश्न. घेतली, पण सोडणार कुठे? माउली लिहितात, गंगेत. भावना उत्तम. पण गंगासागर म्हणजे गंगा सागराला मिळते ती जागा, तिथले पाणी खारे. ही गोगलगाय गोड्या, संथ पाण्यातली. तळे, दलदल, भाताचे खाचर हे तिचे घर. खाऱ्या पाण्यात तिला टाकणे म्हणजे कढईतून काढून विस्तवात ठेवणे. आपण हात जोडून "जा बाई, मुक्त हो" म्हणणार आणि ती खरोखरीच मुक्त होणार, पण देहातून! गोड्या पाण्यातली कासवे समुद्रात, समुद्रातले खेकडे विहिरीत, मत्स्यालयातले मासे देवळाच्या कुंडात, असे किती तरी जीव रोज या "मुक्ती"ने मरतात. जीव सोडायचा तर त्याचे घर माहीत हवे. घर माहीत नसेल तर सोडवणारा आणि मारणारा यांच्यात फार अंतर उरत नाही.

आणि जीव मेला नाही, तगला, फोफावला, तर? मराठवाड्यातली मंडळी इथे बसली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात खाल्ली. संध्याकाळी हिरवा दिसणारा तास सकाळी बोडका. शेतकऱ्याने दुबार पेरणी केली, कर्ज काढून. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर टाकायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हे काम गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसांना करावे लागले. ते करताना त्यांच्या मनाचे काय झाले असेल, ते पांडुरंगाला ठाऊक.

ही गोगलगाय आली कुठून? मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली शंख-शिंपल्यांचा नाद असलेल्या बेन्सन नावाच्या एका इंग्रजाने मॉरिशसहून ती जिवंत कोलकात्याला आणली, आणि पुढे ती चौरंगी भागातल्या एका बागेत सोडली गेली. भारतात तिचा प्रवास तिथून सुरू झाला असे अभ्यासक सांगतात. सोडणाऱ्याच्या मनात वैर नव्हते. बागेत एक-दोन जीव सोडले, एवढेच. पाऊणदोनशे वर्षांनी त्याची पट्टी लातूरचा शेतकरी भरतो आहे.

तशीच दुसरी कथा सोनेरी गोगलगायीची. ती दक्षिण अमेरिकेतली. १९८० च्या सुमारास खाण्याचा धंदा म्हणून ती तैवानात आणली, तिथून फिलिपिन्स, व्हिएतनाम अशा देशांत गेली. लोकांना चव आवडली नाही, धंदा बसला, काही निसटल्या, काही सोडून दिल्या. आज ती आशियातल्या भातशेतीची मोठी कीड आहे.

आणि ही गोष्ट तर थेट आपल्या विषयाची. २०१५ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्याजवळ दोन भक्तांनी सुमारे पाच हजार पौंडांचे जिवंत खेकडे आणि शेवंडी विकत घेऊन धार्मिक विधी म्हणून समुद्रात सोडल्या. जीव होते अमेरिकेकडचे. स्थानिक जीवांना त्यांचा धोका, म्हणून सरकारने कोळ्यांना पैसे देऊन ते पुन्हा धरायला लावले, आणि २०१७ साली न्यायालयाने त्या दोघांना मिळून सुमारे पंधरा हजार पौंडांचा भुर्दंड दिला. बघा मंडळी, कोळ्याने धरले, भक्ताने घेतले, सागरात सोडले, आणि पुन्हा कोळ्यानेच धरले. यात त्या जिवांना काय मिळाले?

आपल्याकडे एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवा. जत्रेत कोणी पिंजऱ्यात पोपट, मुनिया किंवा पाठीवर चांदण्या असलेले कासव विकत असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते विकणे गुन्हा आहे आणि घेणेही गुन्हा आहे. "मी सोडण्यासाठी घेतला" हे उत्तर तिथे चालत नाही. अशा वेळी पैसे काढू नका, फोन काढा. महाराष्ट्रात वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे. विकत घेतल्याने एक पोपट सुटेल, कळवल्याने पिंजरेवाल्याचा हात थांबेल.

आता जरा आपल्या देव्हाऱ्याकडे वळू. बाजारातल्या गोगलगायीसाठी डोळ्यांत पाणी आले. ठीक. पण देव्हाऱ्यात पूजेला जो शंख ठेवला आहे, तो काय आहे? तोही एका समुद्री गोगलगायीचेच घर आहे! रामेश्वर, तुतिकोरीनच्या बाजूच्या समुद्रात पाणबुडे बुडी मारून शंख काढतात. त्यातला जीव बहुधा जिवंत असतो. तो काढून टाकतात, शंख घासतात, पॉलिश करतात, आणि मग तो यात्रेच्या दुकानात आपल्यासमोर येतो. बंगाली सुवासिनींच्या हातातल्या पांढऱ्या बांगड्याही याच शंखाच्या.

म्हणजे पूजेत शंख नको का? असे मी म्हणत नाही. भगवंताच्या हातात पांचजन्य आहे. पण तो भगवंताने कसा घेतला ते आठवा. सांदीपनी गुरूंचा मुलगा शोधायला श्रीकृष्ण सागरात गेले, शंखात राहणाऱ्या पंचजन दैत्याशी गाठ पडली, मुलगा त्याच्याजवळ नव्हता, तेव्हा शंख घेऊन देव पुढे यमपुरीला गेले आणि गुरुपुत्र परत आणला. शंख हाती आला तो कोणाचे तरी हरवलेले लेकरू शोधताना. आपण मात्र प्रत्येक यात्रेला नवा शंख आणतो, एक कपाटात, एक पाहुण्यांना, एक दिवाणखान्यात शोभेला. आजोबांचा शंख घरात असताना आणखी तीन कशाला? काही समुद्री शंखांना तर २००१ पासून कायद्याचे संरक्षणही आहे. नवी खरेदी थांबवली तर तुम्ही एक पैसाही न देता एक गोगलगाय वाचवली. आणि गंमत म्हणजे या वाचवण्याने बाजारात दुसरी टोपली येत नाही.

एवढा पूर्वरंग. विठ्ठल विठ्ठल म्हणा, आणि आता कथेकडे वळू.

उत्तररंग

शिबी राजाची कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. कबुतर भ्यालेले, थरथरत राजाच्या मांडीवर येऊन बसले. मागे ससाणा. राजा म्हणाला, "शरण आलेल्याला मी देणार नाही." आपण इथपर्यंत ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण कथेतला मर्माचा प्रश्न ससाण्याने विचारला आहे. "राजा, कबुतराला तू वाचवलेस. माझे काय? मी उपाशी आहे. माझी पिल्ले उपाशी आहेत. एकाला अभय देताना दुसऱ्याच्या ताटातले काढून घेणे, हा कुठला धर्म?"

आणि शिबीची थोरवी इथे आहे. त्याने ससाण्याला दुष्ट म्हटले नाही, हाकलले नाही. दुसऱ्याच्या कळपातले बकरू आणून पुढे टाकले नाही. तराजू मागवला, एका पारड्यात कबुतर ठेवले आणि दुसऱ्यात स्वतःच्या मांडीचे मांस कापून घातले. पारडे उचलेना, तेव्हा स्वतःच पारड्यात बसला.

यातून काय घ्यायचे? दयेची किंमत दयाळूने स्वतःच्या अंगातून द्यायची असते. पाचशेची नोट हे आपल्या अंगातले मांस नव्हे, मंडळी. नोट देऊन मोकळे होणे सोपे आहे. खरा प्रश्न असा, की मी माझ्या जिभेतून, हौसेतून, वेळेतून काय काढून पारड्यात घालतो? आणि टोपलीवाल्या बाईच्या पोटाचा विचार करतो का? तिच्याकडे गुगलीच्या शेजारी तळ्यातल्या भाजीच्या जुड्या असतील, तर त्या सगळ्या घ्या ना! दोन पैसे जास्त द्या. तिला कळू द्या की भाजी सकाळीच संपते. ज्या बाजाराने तुमचा रुपया वाचला, त्यालाच दुसरा रुपया वाचायला शिकवा.

दुसरी कथा बौद्ध ग्रंथातली आहे, सुवर्णप्रभास सूत्रातली. जीव सोडण्याच्या त्या आचाराला जिचा आधार सांगतात, ती ही. नीट ऐका, कारण या कथेत खरेदी कुठेच नाही.

जलवाहन नावाचा एक सज्जन होता, वैद्य घराण्यातला. आपल्या दोन मुलांना घेऊन तो रानातून चालला होता. त्याला दिसले की कोल्हे, लांडगे, कावळे सगळे एकाच दिशेला धावताहेत. तो मागोमाग गेला. पाहतो तर एक मोठे तळे आटत आलेले, आणि त्यात दहा हजार मासे तडफडताहेत. वनदेवता म्हणाली, "तुझे नाव जलवाहन. पाणी वाहून आणणारा. नावाला जाग."

मग त्याने काय केले? क्रम लक्षात ठेवा. पहिल्यांदा झाडांच्या फांद्या तोडून तळ्यावर सावली केली, म्हणजे उरलेले पाणी आणखी तापू नये. दुसरे, हे तळे आटले का, याचा शोध घेतला. चालत चालत नदीपर्यंत गेला. तिथे पाहतो तर मासे मारण्यासाठी कोणीतरी प्रवाहच वळवला होता. तो बांध फिरवायचा तर शेकडो हातांचे काम, दिवस लागणार, तोवर मासे मरणार. म्हणून तिसरे, राजाकडे गेला, वीस हत्ती मागितले, पखाली भरभरून हत्तींवर पाणी आणून तळ्यात ओतले. चौथे, मासे काठाकाठाने त्याच्यामागे फिरू लागले. त्याच्या ध्यानात आले, हे भुकेले आहेत. मुलाला हत्तीवर बसवून घरी पाठवले, घरात शिजलेले होते नव्हते ते सगळे आणवले आणि माशांना घातले. आणि पाचवे, सगळ्यात शेवटी, पाण्यात उभे राहून त्याने त्यांना भगवंताचे नाम आणि धर्म ऐकवला.

आहाहा! नामाची जागा पाहा कुठे आहे. नाम थोर, पण तडफडणाऱ्या जिवाला आधी सावली, मग पाणी, मग अन्न, आणि मग नाम. आपण उलटे करतो. पिशवी उघडायची, दोन मंत्र म्हणायचे, फोटो काढायचा, जीव पाण्यात टाकायचा आणि जेवायला जायचे. त्याला सावली मिळाली का, ते पाणी त्याचे आहे का, तो खातो काय, याची चौकशी कोणी करीत नाही. जलवाहनाने एक मासाही विकत घेतला नाही आणि दहा हजार वाचवले, कारण तो तळ्याचा धनी झाला.

आणि असे तळे पाहायला पुराणात जायला नको. आपल्या रायगड जिल्ह्यात, महाडच्या बाजूला काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यात मोठमोठे महासीर मासे आहेत. देवीचे मासे म्हणून गावकरी त्यांना धरत नाहीत, धरू देत नाहीत. भाविक येतात, काठावरून खाऊ टाकतात, मासे वर येतात. तिथे माशाची किंमत कोणी ठरवलेली नाही, म्हणून त्याला सोडवायचीही वेळ येत नाही. मासे एकेक करून वाचवले नाहीत. डोहच देवीला दिला. आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या त्याही अशाच. कुऱ्हाडीखालचे एकेक झाड विकत घेत बसले असते, तर रान उरले नसते.

मग आता आपण काय करायचे, ते व्यवहारात सांगतो, म्हणजे घरी जाताना हाती काहीतरी राहील.

पहिले, आपल्यापासून सुरुवात. आपले ताट, आपला शंख, आपली हौस. ज्याने मागणी कमी केली त्याने न दिसणारे कितीतरी जीव सोडवले. त्याचा फोटो निघत नाही, पण पांडुरंगाला फोटो लागत नाही.

दुसरे, ठरवून, घाऊक, आगाऊ सांगून जीव विकत घेऊ नका. मंडळाच्या नावाने तर नकोच.

तिसरे, कधी एखाद्या जिवापुढे मन हरलेच, तर घ्या. मी तुमचा हात धरणार नाही. पण मग त्याचे घर विचारा. विक्रेत्यालाच विचारा, कुठून आणलात? त्याच तळ्यात, त्याच दिवशी परत सोडता येत असेल तर सोडा. ते जमत नसेल, किंवा जीव परमुलखातला असेल, तर जाणकाराला विचारून तो मरेपर्यंत सांभाळा. कासव तर तुमच्या मागेही जगेल, तेव्हा मुलांनाही विचारून घ्या! सांभाळणे जमणार नसेल तर घेऊ नका. आणि त्याला पुण्य म्हणून वहीत मांडू नका. मला बघवले नाही म्हणून घेतला, एवढेच म्हणा. ते खरे असते.

चौथे, जे पैसे टोपलीला देणार होता ते पाण्याला द्या. गावचे तळे गाळाने भरले आहे, तिथे श्रमदान करा. पंढरीला आलात तर चंद्रभागेत निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी टाकू नका. त्या वाळवंटाखाली, त्या पाण्यात किती जीव राहतात! दर महिन्याला थोडे एखाद्या पांजरपोळाला, जनावरांच्या दवाखान्याला द्या. तिथे जीव विकत घेत नाहीत, सांभाळतात.

आमच्या नाथबाबांनी काय केले? काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत वाळवंटात गाढव तहानेने तळमळत होते. नाथांनी त्या गाढवाची किंमत विचारली नाही, मालक शोधला नाही, पुण्याचा संकल्प सोडला नाही. खांद्यावर जे होते ते त्याच्या तोंडात ओतले. रामेश्वराचा अभिषेक तिथेच झाला. खांद्यावरचे देणे हीच नाथांची भूतदया, आणि ती प्रत्येक यात्रेकरूला जमण्यासारखी आहे.

माउली, तुम्ही टोपली घेतली नाहीत म्हणून तुमच्यावर दोष नाही. घेतली असती तरी मी दोष दिला नसता. तुमचे मन अजून त्या टोपलीपाशी आहे, ते तिथून काढू नका. फक्त त्याला वाट बदलून द्या. त्याला तळ्याकडे न्या, शेताकडे न्या, देव्हाऱ्याकडे न्या, त्या टोपलीवाल्या बाईच्या घराकडे न्या. ज्ञानोबारायांनी पसायदानात जिवाजिवांची मैत्री मागितली आहे. मैत्री विकत मिळत नाही. ती रोज थोडी थोडी वागून करावी लागते.

ती मैत्री आपल्या सर्वांच्या हातून घडो, एवढेच पांडुरंगाच्या चरणी मागणे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!